ढिगाऱ्याखालच्याला पाणी नको

आमच्या घरात भूकंपाचे नियम होते. तिन्हीसांजेला केर काढू नये, उंबऱ्यावर बसू नये हे सगळ्यांकडे असतं, ते आमच्याकडेही होतंच. पण वर हे आणखी. जमीन हलली की जिन्याकडे पळायचं नाही, दाराच्या चौकटीत उभं राहायचं. भिंतीला डोकं लावून झोपायचं नाही. डोक्यावरच्या फळीवर जड डबे ठेवायचे नाहीत. आणि शेवटचा नियम, जो कधी वापरावा लागेल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं: ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला पाणी द्यायचं नाही.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर, सिमेंटच्या बिल्डिंगीत राहणाऱ्या माणसांना हे नियम कशाला, असं शेजारच्या बायका हसून विचारायच्या. आई पीठ मळता मळता मध्येच थांबायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या पळ्यांकडे बघायची. पळ्या हलत नाहीत अशी खात्री झाली की पुन्हा मळायला लागायची. माझा धाकटा भाऊ तिची नक्कल हुबेहूब करायचा. जेवताना घास हातात धरून, डोळे मोठे करून पळ्यांकडे बघत बसायचा. आई त्याला लाटणं फेकून मारायची, आणि हसायचीही.

आमचं गाव चिपळूणच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याला. डोंगर ओलांडला की पलीकडे कोयना. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते आणि भाऊ आईच्या अंगावर पीत होता. बाबा मुंबईला गिरणीत. घरात आजी, थोरले काका, थोरली काकी आणि आम्ही. पहाट व्हायच्या आधी घर हललं. आई भावाला छातीशी धरून, मला दंडाला ओढून चौकटीत उभी राहिली. चौकट फणसाची होती, ती टिकली. आतल्या खोलीतली दगडमातीची भिंत काकीच्या पोटावर आली.

आई आणि काकी सख्ख्या जावा, पण बहिणींसारख्या. दळण एकत्र, नदीवर धुणं एकत्र, सासूची नक्कल एकत्र. काकीला बाहेर काढलं तेव्हा ती बोलत होती. तिने पाणी मागितलं. आईने तांब्या आणला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. दोन-तीन घोट ती प्यायली, आणि मान टाकली.

आजी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "पानी पाजलंस म्हनून गेली."

एवढंच. पुन्हा कधी आजीने ते वाक्य उच्चारलं नाही. पण वाडीत ते पसरायचं तसं पसरलं आणि त्याचा नियम झाला. ढिगाऱ्यातल्याला पाणी देऊ नये, त्या अमक्याच्या सुनेने दिलं आणि जाऊ गेली. आईला कुणी कडू बोललं नाही, उलट बायका समजूत घालायच्या, तुला काय ठाऊक गो, तू तर पोरगी. समजूत घालतानाही त्या हेच गृहीत धरून चालायच्या की मारलं तिनेच.

पुढे कित्येक दिवस सगळी वाडी अंगणात, शेतात, पेंढ्यावर झोपत होती. थंडीने पोरं खोकून खोकून बेजार झाली. हळूहळू लोक घरात परतले. आई परतली नाही. छपराखाली गेली की तिला घाम फुटायचा. शेवटी बाबा आले आणि आम्हाला मुंबईला घेऊन गेले. "मुंबईला भूकंप होत नाय. आनि घरं सिमेंटची," ते म्हणाले. हे ते इतक्या अभिमानाने सांगायचे, जणू सिमेंट त्यांनी स्वतः कालवलं होतं.

आधी आम्ही कुर्ल्याला एका नातेवाइकाकडे पोटमाळ्यावर राहिलो, मग घाटकोपरला आलो. गिरण्यांचा संप झाला, बाबांची नोकरी गेली आणि ते एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिले. मी डीएड करून महापालिकेच्या शाळेत लागले, शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भावाने आयटीआय केलं आणि मरोळला एका वर्कशॉपमध्ये लेथवर चिकटला. हातात काळं ग्रीस, डोक्यात पिक्चर, तोंडात सतत काहीतरी वटवट. आईशी गावचं बोलायचा, मित्रांशी बम्बैया, आणि माझ्याशी भांडायचा. मला तो 'बाई' म्हणायचा, शाळेतल्या पोरांसारखा हात वर करून. "बाई, मी जेवायला जाऊ?" असा राग यायचा की काय सांगू.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्याला एक दुकान होतं. दिवाळीच्या आधी दुकानदाराने आतली भिंत पाडून दुकान मोठं केलं. भिंतीबरोबर एक खांबही गेला, हे नंतर कळलं. आम्हाला तेव्हा दिसली ती फक्त वरच्या मजल्यांना पडलेली चीर. लोक जाऊन सांगून आले, दुकानदार म्हणाला गिलावा आहे, सुटतो. आईने मात्र त्या चिरेवर खडूने आडवी रेघ मारून ठेवली आणि रोज सकाळी ती बघायची. भाऊ म्हणाला, "आये, आपली बिल्डिंग काय शाळेत जाते? उंची मोजतेस ती!"

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची शाळा. मी चौथीच्या वर्गावर होते. आधी आवाज आला, ट्रक रिकामा करतात तसा, पण थांबलाच नाही. मग खिडक्यांतून धूळ आत आली. मुलं किंचाळली, "भूकंप! भूकंप!" रस्त्यावर सगळेच तेच ओरडत होते. मी वर्ग शेजारच्या बाईंच्या स्वाधीन केला आणि धावले.

आमची बिल्डिंग नव्हती. जिथे ती होती तिथे आभाळ दिसत होतं आणि त्याच्यामागे डोंगरावरच्या झोपड्या, ज्या आम्हाला घरातून कधी दिसल्या नव्हत्या.

आई रस्त्यात उभी होती. ती पिठाच्या गिरणीत गेली होती म्हणून वाचली, डोक्यावरचा डबा अजून तसाच धरलेला. आजूबाजूची माणसं भूकंप भूकंप करत मोकळ्या मैदानाकडे पळत होती, आई एकटी जागची हलली नव्हती. मला बघून म्हणाली, "भूकंप नाय गो. जमीन हलली तर पायाला कळतं. ही बिल्डिंग आपली आपन पडली." मग तिने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "तो घरात हाय."

भावाची दुसरी पाळी होती. तो घरात झोपला होता.

मी आजवर अनेकदा ऐकलंय की अशा वेळी माणसं देवाचा धावा करतात. मी शिव्या दिल्या. दुकानदाराला, बिल्डरला, मजले पास करणाऱ्याला, मला येत असलेल्या सगळ्या शिव्या, चौथीच्या वर्गाच्या बाईंनी, भर रस्त्यात. शेजारची पोरं, हमाल, हातगाडीवाले तोवर ढिगाऱ्यावर चढले होते आणि हाताने दगड उपसत होते. आईही चढली. ती हाका मारत मारत फिरत होती आणि एका जागी थांबली. खाली वाकली. तिने ऐकलं होतं.

"आये, हळू बोल. सगळी बिल्डिंग गोळा करशील," खालून आवाज आला.

मी तो आवाज अजून ऐकते. धुळीने भरलेला, पण त्याचाच, आगाऊ. आई पोटावर आडवी झाली आणि स्लॅबच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. तिचा हात त्याच्या तोंडापर्यंत पोहोचत होता. तो चौकटीत अडकला होता. घर हलल्यासारखं वाटलं आणि झोपेतून उठून, लहानपणापासून शिकवलेलं तसं, तो चौकटीत जाऊन उभा राहिला. चौकटीने त्याचं डोकं आणि छाती राखली. मांड्यांवर मात्र बीम आडवा पडला होता. "दुखतंय?" विचारलं तर म्हणाला, "आधी दुखत होतं, आता नाय. पाय झोपलेत. ताई आलीय? ताई, मरोळला फोन कर, सांग आज येत नाय. खाडा लावू नका म्हणावं."

ढिगाऱ्यावर बातमी पसरली की चौकटीत उभा राहिला म्हणून वाचला. त्याच्या आईने शिकवलं होतं म्हणून वाचला. लोक येऊन आईकडे बघून जात होते. तिचा पहिला नियम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खरा ठरला होता. त्यामुळे पुढे पाण्याच्या नियमाबद्दल कुणी वाद घातला नाही.

फायर ब्रिगेड आली, जॅक आले, गॅसकटर आला. पण बीम हलवला तर वरचा स्लॅब बसत होता, म्हणून ते एका बाजूने इंच इंच कापत येत होते. ऊन चढलं. भावाने पाणी मागितलं.

आई म्हणाली, "आत्ता काडतील तुला बाला. मग."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा मागितलं. घशात धूळ आहे म्हणाला. फायर ब्रिगेडमधला एक मिशीवाला गृहस्थ प्लॅस्टिकची बाटली आणि रबराची नळी घेऊन आला. "बाई, ही नळी आत सोडा, पिऊ दे त्याला." आईने बाटली त्याच्या हातासकट मागे ढकलली. "पानी नको. ढिगाऱ्यातल्याला पानी देऊ नये. मी बघितलंय." तो माणूस गोंधळला. बाबा तोवर ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच धावत आले होते. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी आईकडे बघितलं, तिच्या फटीत घातलेल्या हाताकडे, आणि म्हणाले, "तिला माहीत आहे." तो माणूस बाटली तिथेच ठेवून दुसरीकडे गेला, तिकडूनही कुणाची तरी हाक येत होती.

आईने पदराचं टोक भिजवलं, पिळलं, आणि त्याचे ओठ पुसायला आत नेलं. त्याने ते टोक दातांत धरलं आणि चोखायला लागला. मी तिच्या शेजारी होते, मला तिचा खांदा दिसत होता. पहिल्यांदा तो सैल पडला. तिला द्यावंसं वाटत होतं, तिच्या अंगाअंगाला द्यावंसं वाटत होतं. मग तिने झटका देऊन पदर ओढून घेतला.

"आये," तो म्हणाला, "एक घोट. खरंच एक."

"नको रे बाला. नको. माझं ऐक."

दुपारभर हे चाललं. तो मागायचा, ती नको म्हणायची, आणि त्याला बोलतं ठेवायला गावच्या गोष्टी सांगायची. आंब्याच्या, काजूच्या, त्याच्या बारशाला न आलेल्या मामाच्या. एकदा तो चिडला आणि तिला अशी शिवी दिली की आयुष्यात दिली नव्हती. ती म्हणाली, "दे. आनखी दे." संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला बीम उचलला गेला आणि त्याला बाहेर ओढलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या पायांवर साधं खरचटलेलंसुद्धा फारसं नव्हतं, नुसते पांढरे आणि टणक झाले होते. स्ट्रेचरवरून त्याने हात वर केला. "बाई, मी जाऊ का?" मी रडत रडत म्हणाले, जा मेल्या, जा. आई त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळायला शोधत होती, त्या ढिगाऱ्यात, जिथे आमचं स्वयंपाकघर गाडलं गेलं होतं. शेवटी एका शेजारणीने दुसऱ्या बिल्डिंगमधून आणून दिल्या.

हॉस्पिटलात माणसांवर माणसं होती. डोकी फुटलेली, हातपाय तुटलेले, नाकातोंडात सिमेंट गेल्याने श्वास लागलेले. रक्त हवंय म्हणून वॉर्डबॉय जिन्यावर ओरडत होते आणि घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडहून पोरं रांगा लावून रक्त देत होती. ज्यांचं रक्त वाहत होतं त्यांना आधी बघत होते. माझा भाऊ बोलत होता, हसत होता, म्हणून त्याला कॉरिडॉरमध्ये गादीवर ठेवलं. त्यात कुणाचा दोष मी काढत नाही. मीही तेच केलं असतं. सलाईन लागलं ते खूप उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला लघवी झाली ती कोकमाच्या आगळासारखी, काळपट लाल. नर्सने बघितलं आणि पळत गेली. त्यानंतर झालीच नाही. पाय फुगायला लागले, मग तोंड. डोळे बारीक झाले. आता कुठे डॉक्टर गोळा झाले, आणि आता त्यांनी पाणी बंद केलं. किडन्या चालत नाहीत, पाणी बाहेर पडत नाही, तर आत जाऊ द्यायचं नाही. खाटेच्या डोक्याशी तशी पाटी लावली. भाऊ पुन्हा पाणी मागत होता, आणि आता नर्स नको म्हणत होती.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "बघितलंस? हितंसुद्धा देत नाय."

तिच्या तोंडावर समाधान होतं असं मी म्हणणार नाही. पण पाठ थोडी सरळ झाली होती. तिला दोघं शहाणी माणसं आपल्या बाजूची मिळाली होती, नर्स आणि ती पाटी.

बिल्डिंगमधली जी माणसं उरली त्यांना माझ्या शाळेत ठेवलं होतं. माझ्याच वर्गात आमचं बिऱ्हाड. फळ्यावर मी लिहिलेला सुविचार तसाच होता, मी येऊन आधी तो पुसला. टँकरचं पाणी प्यायल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोरांना जुलाब सुरू झाले. शाळेला संडास मुलांच्या मापाचे आणि मोजून चार, बायका पहाटे उठून रांगेत. महापालिकेची माणसं क्लोरीनच्या गोळ्या वाटायला आली, लस टोचायला आली, सगळ्यांनी मुकाट्याने दंड पुढे केले. पंखा लावला की लहान मुलं छताकडे बघून ओरडायची म्हणून आम्ही घामात बसायचो पण पंखे लावायचो नाही. तळमजल्याच्या एका आजोबांना काहीच लागलं नव्हतं. ते भिंतीपासून लांब, वर्गाच्या मधोमध खुर्ची ओढून बसले ते बोलायचेच बंद झाले. पुढारी येऊन गेले. एकाने गळ्यातला हार काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी तो खिडकीतून बाहेर फेकला.

मी आणि बाबा आळीपाळीने शाळेत यायचो, आई हॉस्पिटलातून हलत नव्हती.

हे पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. आई गेली, तिच्या आधी बाबा गेले, म्हणून लिहिते आहे.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, किती दिवस घरी गेला नसेल कोण जाणे. एका मोठ्या हॉस्पिटलात रक्त साफ करायचं मशीन होतं, तिथे भावाचा नंबर लावायला तो सारखा फोन करत होता. मशीन थोडी, माणसं फार. एका दुपारी तो मला आणि बाबांना जिन्यात भेटला तेव्हा मी विचारलं, बोलता चालता मुलगा, पायाला साधी जखम नाही, याला झालं तरी काय?

त्याने नीट समजावून सांगितलं. मांड्यांचं मांस इतका वेळ चिरडलेलं राहिलं की त्यातून एक विष तयार होतं. दाब असेपर्यंत ते तिथेच अडकून असतं. दाब काढला की सगळं एकदम रक्तात जातं आणि किडन्यांवर बसतं. म्हणून अशी माणसं निघतात तेव्हा ठीक असतात आणि मग जातात. मोठ्या भूकंपांत हेच होतं, तो म्हणाला. भिंतीखालून वाचलेली माणसं नंतर खाटेवर मरतात.

"मग उपाय?"

"पाणी," तो म्हणाला. "अडकलेला असतानाच सुरू करायचं. शक्य तर सलाईन, नाहीतर तोंडाने, पिईल तितकं. ते विष धुऊन निघतं. खाली असताना किती पाणी प्यायला तो?"

बाबा म्हणाले, "नाही दिलं."

"अजिबात?"

"अजिबात."

डॉक्टरने कठड्यावर हात ठेवला. त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. मग घाईघाईने म्हणाला, दिलं असतं तर वाचलाच असता असं नाही, बीम मोठा होता, वेळ खूप गेला, तोंडाने दिलेलं कितपत पुरलं असतं सांगता येत नाही. डॉक्टर चांगला मुलगा होता. पण आम्ही ऐकलं ते ऐकलं होतं.

मला वाटलं बाबा आता खाली बसतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"डॉक्टर, एखाद्या बाईच्या पोटावर भिंत पडली. ती बोलत होती. तिला दोन घोट पाणी पाजलं आणि ती लगेच गेली. तर पाण्याने गेली का?"

"कधीची गोष्ट?"

"जुनी आहे. गावाकडची."

"पोटात रक्तस्राव झाला असणार," तो म्हणाला. "त्या तशाही गेल्या असत्या. दोन घोट पाण्याने माणूस असा मरत नाही. पाणी पाजणाऱ्याने काही चूक केली नाही."

तेव्हा बाबा खाली बसले. जिन्याच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत. माझ्या आईला पळ्यांकडे बघताना, पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात द्यायचा असला की क्षणभर थांबताना, काकीच्या श्राद्धाला दिवसभर घशाखाली काही न उतरवताना त्या माणसाने इतकी वर्षं बघितलं होतं. तू मारलं नाहीस हे तिला कुणीतरी शिकलेल्या माणसाने सांगावं म्हणून त्याने काय दिलं नसतं. आज ते वाक्य त्याच्या हातात आलं होतं, आणि ते तिला सांगायची सोय उरली नव्हती. काकी पाण्याने गेली नाही, एवढं सांगितलं की आई पुढचं आपोआप विचारणार होती. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती.

"तिला यातलं काही कळता कामा नये," बाबा म्हणाले. "ना हे, ना ते."

मी हो म्हटलं. आजही मला वाटतं की दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि तरीही त्या जिन्याचा मला राग येतो, तो जिना आज समोर आला तर मी त्याला लाथ मारीन.

मशीनचा नंबर लागला, पण भाऊ थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचं हृदय बंद पडलं. आई त्याचे फुगलेले पाय चोळत होती, तिला बराच वेळ कळलं नाही.

घर नव्हतं म्हणून त्याला शाळेच्या पटांगणात आणलं. जिथे प्रार्थनेच्या रांगा लागतात तिथे ठेवलं. मरोळची पोरं आली होती, कामाच्या कपड्यांतच, ग्रीसचे हात मागे बांधून उभी. नेण्याआधी तोंडात पाणी घालायचं असतं. तळमजल्याच्या एका म्हाताऱ्या बाईंनी भांड्यात टँकरचं पाणी घेतलं, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि भांडं आईपुढे धरलं. आई हात पुढे करेना.

"पाज गो," त्या बाई म्हणाल्या. "आता काय होत नाय त्याला."

आईने पान बुडवलं आणि त्याच्या ओठांवर ठेवलं. पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळलं. तिने पुन्हा बुडवलं. पुन्हा. लोक थांबले होते, तिरडी उचलायची होती, पण कुणी तिला आवरायला पुढे झालं नाही. भांडं संपेपर्यंत ती पाजत राहिली.

पुरुष निघून गेले. बायका वर्गात भिंतीपासून दूर बसल्या. आई रडली नाही. बाबा स्मशानातून परत आले, अंघोळ करून, ओल्या केसांनी दारात उभे राहिले, तेव्हा ती त्यांच्याकडे बघून बोलली.

"सगळा दिस मागत व्हता. जीव कसा तुटत व्हता माझा. पन मी थेंब दिला नाय. तिच्या टायमाला चुकले, ह्याच्या टायमाला नाय चुकले. माझ्या हातून नाय गेला तो. व्हय ना?"

वर्गात सगळ्यांना ऐकू गेलं. मी बाबांकडे बघितलं. आयुष्यभर कमी बोलणारा माणूस, फाटकावर उभं राहून नुसता हात कपाळाला लावणारा. ते आत आले, तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि तिचा हात हातात घेतला, जो त्यांनी आमच्यासमोर कधी घेतला नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "तू बरोबर केलंस."

"बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस."

आईने मान हलवली. मग बिल्डिंग पडल्यापासून पहिल्यांदाच ती झोपायला आडवी झाली आणि तिला झोप लागली. बाबा तिचा हात तसाच धरून बसून राहिले, आणि मी उठून दार लावून घेतलं, कारण ते रडायला लागले होते आणि बाहेरच्या आवाजाने जागी होऊन तिने ते बघितलेलं चालणार नव्हतं.